वृद्ध, अपंग आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या संमेलनात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस केली आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपवली, ह्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. ह्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहकार्यातील खर्च, उद्योगधंदे, ज्ञातीचा इतिहास अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. आमचा तेवढा अधिकार नाही. आमचे आयुष्य बांधकाम खात्यात टेप आणि ओळंबा हाताळण्यात गेले. त्यामुळे आमचा विषय फरशी, उंबरठा, मोरी आणि जिना ह्यांपलीकडे जाणारा नाही. कोणास तो क्षुल्लक वाटेल; परंतु ह्या क्षुल्लक गोष्टींपायी आमच्या घरात जे घडले ते प्रथम सांगण्याची परवानगी असावी.

सन २०१७ च्या भाद्रपदातील ही गोष्ट आहे. आमच्या मातोश्रींचे वय त्या समयी ७८ वर्षांचे होते. प्रकृती काटक, स्मरण शाबूत, सकाळची पूजा आणि दुपारची भाजी निवडणे त्यांच्याचकडे असे. एके रात्री तीनच्या सुमारास त्या मोरीकडे जाण्यास उठल्या. दिवा लावला तर सुनेची झोपमोड होईल म्हणून त्यांनी तो लावला नाही. मोरीच्या दाराशी दोन इंचांचा उंचवटा होता, त्यास त्यांचे पाऊल अडखळले. आधारासाठी हात टॉवेलच्या दांडीकडे गेला आणि ती दांडी स्क्रूसकट भिंतीतून निघून त्यांच्या हातात आली. उजव्या अंगावर पडल्यामुळे मांडीचे हाड खुब्याशी मोडले. शस्त्रक्रिया झाली; ती उत्तम झाली आणि डॉक्टरांस बोल लावण्यास यत्किंचितही जागा नाही. परंतु त्यानंतर मातोश्री आपल्या पायांनी देवघरापर्यंत कधीच गेल्या नाहीत. दहा महिन्यांनी त्या निवर्तल्या.

मंडळी, ती टॉवेलची दांडी आम्हीच बसवून घेतली होती. आदल्याच वर्षी घराचे नूतनीकरण करताना जुनी खडबडीत शहाबादी फरशी उखडून तीत तोंड दिसेल अशी चकचकीत फरशी आम्हीच घातली होती. मोरीचे पाणी खोलीत येऊ नये म्हणून तो उंचवटाही आम्हीच ठेवला होता. शासकीय इमारतींच्या मोजमापांवर तीस वर्षे सही करणाऱ्या माणसास आपल्या आईच्या दहा पावलांच्या वाटेचे मोजमाप घेण्याचे सुचले नाही, हे आज आम्ही भर सभेत कबूल करतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरी दिवाळीपूर्वी भिंतींस रंग देण्याची चाल आहे. मोरीकडे जाणाऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीस एक तेलकट, मळकट पट्टा दर वर्षी उमटलेला आढळे. हा मुलांच्या हातांचा प्रताप समजून आम्ही मुलांस रागे भरत असू आणि रंगाऱ्याकडून तो पट्टा पुसून घेत असू. मातोश्री रुग्णालयात असताना एके रात्री आम्ही त्याच वाटेने दिवा न लावता गेलो. आमचा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि नेमका त्या पट्ट्यावर टेकला. तेव्हा आम्हांस उमगले की तो पट्टा मुलांचा नव्हता. आधार कोठे हवा आहे ते आमची आई वर्षानुवर्षे त्या भिंतीवर लिहून ठेवीत होती आणि आम्ही दर दिवाळीस त्यावर रंगाचा हात फिरवीत होतो.

पुढे आमच्या धाकट्या मुलीकडून कळले की त्याआधी मातोश्री दोन वेळा पडल्या होत्या. "बाबांना सांगू नकोस, नाहीतर मला देवळात जाऊ देणार नाहीत," असे त्यांनी नातीस बजावले होते. आपल्यापैकी कितीएक घरांत आज असेच एखादे गुपित आजी-नातवंडांमध्ये असेल, ह्याचा विचार व्हावा.

कोणी वडीलधारे माणूस पडले की आपण म्हणतो, "वय झाले, पडायचेच." हे वाक्य आम्हीही कितीदा तरी उच्चारले आहे. ते अर्धसत्य आहे. वयोमानाने पायांतील बळ कमी होते, तोल सांभाळणे अवघड होते, नजर मंदावते, अंथरुणातून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून अंधारी येते, झोपेच्या व रक्तदाबाच्या काही औषधांनी पाय लटपटतात, हे सर्व खरे. पण हे सर्व असूनही तोच मनुष्य समतल, कोरड्या आणि उजेडाच्या जागी नीट चालतो आणि ओल्या, काळोख्या, उंचसखल जागी पडतो. शरीराची उणीव आणि घराची उणीव ह्यांची गाठ पडते तेव्हा अपघात होतो. शरीराचे वय आपल्या हाती नाही. घर मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. आज एवढीच एक गोष्ट आपणांपुढे मांडण्यासाठी आम्ही उभे आहोत.

विषयाची व्याप्ती किती आहे हे थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे आणि त्यात साठीपुढील माणसांचा भरणा सर्वांत मोठा आहे. पासष्ट वर्षांवरील दर तीन माणसांपैकी सुमारे एक वर्षातून एकदा तरी पडतो. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसे १० कोटी ३८ लाख आणि अपंग माणसे २ कोटी ६८ लाख मोजली गेली. म्हणजे हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. आज ह्या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाचा आहे, आणि ज्यांचा आज नसेल त्यांचा उद्या होणार आहे.

आता आपण सर्वजण मिळून एखाद्या घरात दारापासून मोरीपर्यंत फिरू.

पहिला येतो उंबरठा. उंबरठ्यास आपल्याकडे मान आहे. त्यावर हळदकुंकू वाहिले जाते, नववधू माप ओलांडते ती तेथेच. तो काढून टाका असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मुख्य दाराचा उंबरठा राहू द्यावा. मात्र त्याच्या दोन्ही अंगांस लाकडाचा किंवा सिमेंटचा हलका उतार करावा आणि दाराच्या चौकटीस उभी आधाराची दांडी लावावी. आतील खोल्यांच्या उंबरठ्यांस मात्र कोणी पूजा करीत नाही. ते निव्वळ गवंड्याच्या सवयीने पडलेले असतात. तेवढे निःशंकपणे काढून जमीन समतल करावी. अर्धा इंच उंचवटाही पाय घासत चालणाऱ्या माणसास पुरेसा होतो. किंबहुना चार इंचांच्या पायरीपेक्षा तोच अधिक घातक, कारण तो डोळ्यांस दिसत नाही.

दुसरी फरशी. फरशी घेताना आपण दुकानात तिची चकाकी पाहतो. वस्तुतः तिच्यावर पाणी ओतून, अनवाणी उभे राहून मग पसंती द्यावी. मोरी, न्हाणीघर, संडास आणि ओटा ह्या जागी खडबडीत पृष्ठाचीच फरशी असावी. जुनी फरशी बदलणे परवडत नसेल तर तिच्यावर चिकटणाऱ्या खरबरीत पट्ट्या मिळतात, त्या लावाव्यात. पायपुसणे सरकणारे असेल तर ते नसलेलेच बरे. ठेवायचे झाल्यास त्याखाली रबर असावे. कोकणातील घरांच्या बाबतीत विशेष सांगावयाचे म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि अंगणात पावसाळ्यात जे शेवाळ धरते ते दर आठवड्यास घासून काढण्याचा क्रम ठेवावा. आपल्या सणांचाही विचार करावा. नरकचतुर्दशीच्या पहाटे काळोखात वडीलधाऱ्यांच्या अंगास तेल लावून आपण त्यांस न्हाणीघरात पाठवितो. तेथे तेल, उटणे, साबण आणि पाणी ह्यांचे मिश्रण फरशीवर पसरलेले असते. त्या दिवशी तरी त्यांचे स्नान प्रथम आणि उजेडात व्हावे, बसावयास रबरी पायांचे स्टूल द्यावे आणि कोणीतरी दाराशी असावे. गुळगुळीत फरशीवर काढलेली रांगोळी आणि पणतीतून सांडलेले तेल हीसुद्धा ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

तिसरा उजेड. म्हाताऱ्या डोळ्यांस तरुण डोळ्यांहून कितीतरी अधिक प्रकाश लागतो आणि उजेडातून काळोखात गेल्यावर सरावण्यास वेळही अधिक लागतो. तरीही घरातील सर्वांत मोठा दिवा दिवाणखान्यात आणि सर्वांत मिणमिणता मोरीच्या वाटेवर, असा आपला रिवाज आहे. बिछान्यावरून हात पोहोचेल असे एक बटण आणि वाटेवर रात्रभर जळणारा एक लहान दिवा, एवढ्याने मोठा धोका टळतो. आमच्या मातोश्रींस दिवा लावण्याचा संकोच वाटला. रात्रीचा दिवा आधीच तेवत असता तर संकोचाचा प्रश्नच आला नसता.

चौथी मोरी आणि संडास. येथेच माणूस अनवाणी, ओला आणि एकटा असतो, आणि दाराची कडी आतून लावलेली असते. दार बाहेर उघडणारे असावे, म्हणजे आत कोणी पडल्यास त्याच्याच अंगाने दार अडून बसणार नाही. कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. बसावयाचा संडास असेल तर शेजारच्या भिंतीस आधाराची दांडी हवी. गुडघे वाकत नसतील तर कमोड बसवून घ्यावा, त्यात कमीपणा मानू नये. ह्या दांडीविषयी आमच्या धंद्याचा म्हणून एक शब्द ऐकून घ्यावा. टॉवेलची दांडी टॉवेलच्या वजनासाठी असते, माणसाच्या नव्हे. आधाराची दांडी दीड इंच जाडीची, मुठीत सहज मावणारी असावी आणि तिचे बोल्ट टाइलमध्ये नव्हे तर त्यामागील विटांत खोलवर गेले पाहिजेत. भिंत साडेचार इंची असेल तर आरपार बोल्ट घालून मागील बाजूस लोखंडी पट्टी बसवावी. बसवून झाल्यावर घरातील सर्वांत वजनदार तरुणाने तिला लोंबकळून पाहावे आणि मगच ती वडिलांच्या हाती द्यावी.

पाचवा जिना. आमच्या गावाकडील जुन्या घरात माडीवर जाण्याचा लाकडी जिना उभा आणि अरुंद होता, परंतु वरून एक जाड दोर सोडलेला असे आणि आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत तो धरून चढत-उतरत. नवे घर बांधताना जिना रुंद झाला आणि दोर गेला. जिन्याच्या दोन्ही बाजूंस, साधारण अडीच ते तीन फूट उंचीवर, धरावयाचा कठडा असावा आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढपर्यंत जावा, कारण पुष्कळजण "पायऱ्या संपल्या" ह्या समजुतीने शेवटच्याच पायरीवर पडतात. सर्व पायऱ्या एकसारख्या उंचीच्या असाव्यात, सहा इंचांची उंची आणि बारा इंचांची रुंदी हे चांगले माप होय. आणि प्रत्येक पायरीच्या कडेस उठून दिसेल अशा रंगाचा पट्टा ओढावा. जिन्यावर चपला, वर्तमानपत्रांची रद्दी आणि रिकाम्या बरण्या ठेवण्याची जागा नाही, हे भगिनींनी आणि त्यांच्याहूनही अधिक बंधूंनी ध्यानात घ्यावे.

ह्याखेरीज पलंग फार उंच वा फार सखल नसावा. बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर टेकली पाहिजेत. खुर्चीस हात असावेत. रोज लागणारे डबे फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत, म्हणजे पाटावर चढण्याची पाळी येत नाही. धोतराचा सोगा आणि पातळाचा काठ पायात येणार नाही असा असावा, आणि सैल स्लीपरऐवजी टाचेस पट्टा असलेली वहाण वापरावी. दुरून आणि जवळून पाहण्याचा एकच चष्मा असेल तर जिना उतरताना खालच्या काचेतून पायरी अस्पष्ट दिसते, हेही डोळ्यांच्या डॉक्टरांस विचारून घ्यावे.

आता आपल्या अपंग बंधुभगिनींविषयी. त्यांच्या बाबतीत आपण दयेचे शब्द पुष्कळ बोलतो, परंतु दाराची रुंदी मात्र मोजत नाही. चाकांची खुर्ची जावयास दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. आपल्या बहुतेक मोऱ्यांची दारे दोन ते सव्वादोन फुटांची असतात. म्हणजे जो मनुष्य दिवाणखान्यापर्यंत स्वतःच्या बळावर येतो त्यास मोरीच्या दाराशी लहान मुलासारखे उचलून न्यावे लागते. उतारासाठी एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे प्रमाण आपल्या देशातील मार्गदर्शक नियमांत दिलेले आहे. चार इंचांच्या उंबरठ्यास चार फुटांचा उतार पुरतो. ह्याहून उभा उतार केल्यास तो देखाव्यापुरताच राहतो. दृष्टिहीन व्यक्ती घरात असेल तर खुर्च्या-टेबले रोजच्या जागी राहावीत आणि दार एक तर पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे. अर्धवट उघड्या दारास त्यांचे कपाळ आपटते.

येथे एका गोष्टीचे स्मरण होते. जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी १९६८ च्या सुमारास जो कृत्रिम पाय घडविला, तो आज जगभर 'जयपूर फूट' म्हणून ओळखला जातो. परदेशी कृत्रिम पायाने मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, शेतात अनवाणी चालता येत नसे. त्यांनी पाय असा केला की तो आपल्या घराशी आणि रानाशी जुळावा. डॉ. सेठींस १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी पाय घरास जुळवून दिला. आता घर पायास जुळवून घेण्याचे राहिलेले अर्धे काम आपले आहे.

ह्या दुरुस्त्यांचा खरोखर उपयोग होतो काय, अशी शंका व्यवहारी माणूस घेईल आणि ती योग्यच आहे. न्यूझीलंड देशात तारानाकी प्रांतातील ८४२ घरांची दोन गटांत यदृच्छेने विभागणी करण्यात आली. एका गटाच्या घरांस पायऱ्यांचे कठडे, न्हाणीघरातील दांड्या, बाहेरचे दिवे, पायऱ्यांच्या कडांचे पट्टे आणि न घसरणारी पृष्ठे ताबडतोब करून दिली. दुसऱ्या गटास ती मागाहून दिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे पहिल्या गटात घरी पडून होणाऱ्या इजांचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे २०२३ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यातही घरातील धोके दूर केल्याने वृद्धांचे पडणे सुमारे २६ टक्क्यांनी, आणि ज्यांना पडण्याचा धोका मुळातच अधिक त्यांचे ३८ टक्क्यांनी घटते असे दिसून आले. म्हणजे जो एकदा पडला आहे त्याच्या घरी प्रथम जावे, हा त्यातील बोध.

जपानातही पुष्कळ लोक आपल्यासारखे जमिनीवर बसणारे, पादत्राणे दाराशी काढणारे. तेथे २००० साली वृद्धांच्या शुश्रूषेचा जो विमा सुरू झाला त्यात दांड्या लावणे, पायऱ्या काढणे, फरशी बदलणे, सरकती दारे बसविणे आणि संडास बदलणे ह्यांसाठी २ लाख येनपर्यंतचा खर्च धरला जातो. त्यातील थोडा भाग कुटुंब सोसते. तेथील शासनास जे उमजले ते आपल्या घरांसही उमजावयास हवे. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य ठरविले आणि त्यात अन्न, वस्त्र व औषधोपचार ह्यांबरोबर निवाराही गणला. परंतु ज्या घरात आईस निर्धास्तपणे मोरीपर्यंत जाता येत नाही, त्या घरात तिला निवारा दिला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ह्या कामी सल्ला देणारे व्यवसायोपचारतज्ज्ञ आपल्या राज्यात मिळतात. ह्या विद्येचा भारतातील पाया मुंबईतच घातला गेला. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर ह्यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात तिचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. तेव्हा हा ज्ञानाचा झरा आपल्या दाराशीच आहे.

तथापि एक इशारा दिला पाहिजे. मुलगा कमावता झाला की तो हुकूम सोडतो, "आई, तू जिना चढायचा नाहीस; बाबा, तुम्ही एकटे बाहेर जायचे नाही." पडण्याच्या भीतीने माणसास खुर्चीत बसवून ठेवले तर त्याच्या पायांतील उरलेले बळही जाते आणि तो अधिकच पडू लागतो. आपणांस पाहिजे ते त्यांचे चालणे थांबविणे नव्हे, तर चालणे निर्धोक करणे. म्हणून गवंड्यास बोलावण्यापूर्वी वडिलांस विचारावे, "कोठे भीती वाटते? हात कोठे लागतो?" आणि ते सांगतील तेथे दांडी लावावी. जी दांडी त्यांस न विचारता लावली जाते तिच्यावर पुढे टॉवेलच वाळतात. आम्ही आईस हे कधी विचारले नाही. विचारले असते तर तिने दोन पडण्यांचे गुपित कदाचित आमच्यापासून लपविले नसते.

खर्चाविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या ज्ञातीत भाड्याच्या खोलीत राहणारीही पुष्कळ कुटुंबे आहेत. वाटेवरचा सामान उचलणे, वायर भिंतीकडेला लावणे, पायरीच्या कडेस रंग ओढणे, शेवाळ घासणे ह्यांस जवळजवळ काहीच पडत नाही. दिवा आणि दांडी ह्यांचा खर्च एका साध्या समारंभातील हारतुऱ्यांहून फार नाही. चाळीच्या किंवा सोसायटीच्या जिन्यास कठडा लावणे हे एकट्याचे काम नाही, तेथे सर्व बिऱ्हाडांनी मिळून अर्ज करावा. अपंग मुलाच्या बापाने एकट्याने दाराशी उतार मागितला की तो अडथळा वाटतो. दहा बिऱ्हाडांनी मागितला की ती सोय होते.

शेवटी, अध्यक्षमहाराज, थोडे आपल्या स्वतःच्या वास्तूविषयी. लहान तोंडी मोठा घास घेत आहोत, क्षमा असावी. आपल्या ह्या कार्यालयाचे जोते अडीच फूट उंच आहे आणि ज्या व्यासपीठावर आम्ही उभे आहोत त्यास कठड्यावाचून पाच पायऱ्या आहेत. पंचाहत्तरी गाठलेल्या ज्ञातिबांधवांचा सत्कार आपण दर वर्षी येथेच करतो. गतवर्षी त्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांस दोघा स्वयंसेवकांनी खुर्चीसह उचलून वर आणले. सभेने टाळ्या वाजविल्या. आम्ही पहिल्या रांगेत होतो. आम्हांस त्यांचा चेहरा दिसत होता. शाल आणि श्रीफळ घेताना त्यांनी मान वर केली नाही. यंदा ते आलेले नाहीत. आमंत्रण घेऊन गेलेल्या कार्यकर्त्यास ते एवढेच म्हणाले, "मला उचलावे लागते."

ज्याचा मान करावयाचा त्यास उचलावे लागणे, हा मान नव्हे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने सार्वजनिक वापराच्या जागा त्यांस सुगम असाव्यात असा दंडक घातला आहे. परंतु कायद्याच्या धाकाने नव्हे, तर लाज वाटून आपण हे करावे असे आम्हांस वाटते. म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली सूचना अशी की, पुढील संमेलनापूर्वी कार्यालयाच्या दाराशी तीस फुटांचा, मध्ये विसाव्याची सपाट जागा असलेला उतार बांधावा, पायऱ्यांस दोन्ही बाजूंनी कठडा लावावा आणि खालच्या एका संडासात कमोड व दांड्या बसवाव्यात. जागा आम्ही मोजून पाहिली आहे. उत्तरेच्या भिंतीलगत हा उतार बसतो. नकाशा आणि देखरेख ही सेवा आम्ही विनामूल्य करू. तोपर्यंत सत्काराचा समारंभ व्यासपीठाखाली, सत्कारमूर्तींच्या खुर्च्यांपाशी व्हावा. सत्कार करणाऱ्यांनी खाली यावे. त्यास एक पैचाही खर्च नाही.

दुसरी सूचना. मंडळाच्या तरुण सभासदांतून दहाजणांचे एक पथक असावे. त्यांनी महिन्यातून एका रविवारी ज्या घरी वृद्ध किंवा अपंग व्यक्ती आहेत, विशेषतः ज्या एकट्या राहतात किंवा आधी पडल्या आहेत, त्यांच्या घरी जावे, त्यांच्याबरोबर मोरीपर्यंत चालून पाहावे आणि काय हवे ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. ज्यांस खर्च झेपत नाही त्यांची दांडी आणि दिवा मंडळाने द्यावा.

तिसरी सूचना. सत्कारनिधीतून शालीबरोबर प्रत्येक सत्कारमूर्तीच्या घरी, त्यांची इच्छा असल्यास, एक भक्कम आधाराची दांडी बसवून द्यावी. शाल पेटीत जाते. दांडी रोज हाती येते.

ह्या सूचनांवर कार्यकारी मंडळाने विचार करावा आणि त्यांतील त्रुटी जाणत्यांनी दाखवाव्यात. तोवर प्रत्येकाने आपापल्या घरी करण्याजोगे एक काम आहे. आज घरी गेल्यावर, दिवाळीचा रंग काढण्यापूर्वी, वडीलधारी माणसे ज्या वाटेने जातात तेथील भिंतींकडे एकवार पाहावे. कमरेच्या उंचीवर एखादा मळकट पट्टा दिसल्यास तो पुसू नये. त्या जागी दांडी लावावी.